घराच्या छतावर पवनचक्की: विदर्भातल्या गावांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोटार रिवाइंडिंगचं दुकान आणि त्याला जोडून सोलरची फिटिंग, हा माझा यवतमाळ जिल्ह्यातला धंदा. अक्षय तृतीया उलटली आणि दुपारचं वावधन, म्हणजे वादळी वारं, सुटायला लागलं, की जळालेली मोटार टाकायला आलेला माणूस टेकल्या टेकल्या विचारतो, "भाऊ, हे वारं फुकट चाललं, याची काही वीज बनत नाही का?" मग मोबाइल काढून एक व्हिडिओ दाखवतो. कुणाच्या तरी गच्चीवर पांढरी पाती गरगर फिरत असतात आणि खाली लिहिलेलं असतं, वीजबिल शून्य. तेच ते प्रश्न इतक्यांदा आले, की उत्तरं एकदाची लिहून ठेवावी म्हटलं. मी काही चक्कीचा वैरी नाही. स्वतःच्या पैशांनी एक घेऊन, बसवून आणि उतरवून झाली आहे. तिची हकीकत पुढे आहे.

गच्चीवर वाळत घातलेलं लुगडं शेजाऱ्याच्या आंगणात जाऊन पडते, एवढं वारं हाय. मग त्याच्यावर घर काऊन नाही चालत?

लुगडं उडायला एक झुळूक पुरते. फ्रिज चोवीस तास चालतो. दिवसातून दोनदा आलेली जोराची झुळूक आपल्या लक्षात राहते, मधले बावीस तास कडुनिंबाचं पानही हललं नाही हे राहत नाही.

दुसरं असं, की वाऱ्याचा हिशेब सरळ चालत नाही. वेग दुप्पट झाला की त्यातली ताकद दुप्पट होत नाही, आठपट होते. तिप्पट झाला की सत्तावीसपट. ऐकायला हे फायद्याचं वाटतं, पण आपल्यासारख्या मंद वाऱ्याच्या मुलखात हाच नियम उलटा बसतो. वेग निम्मा झाला की रुपयातले दोन आणेच हाती राहतात. सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर किंवा धुळे जिल्ह्यातल्या ब्राह्मणवेलला मोठ्या पवनचक्क्यांची रांग दिसते आणि आपल्या सपाटीवर दिसत नाही, त्याचं मूळ इथं आहे.

आणि आलेली ताकद सगळीच्या सगळी काढून घेताही येत नाही. पात्यांतून गेलेल्या हवेला पुढे सरकायला थोडा वेग शिल्लक ठेवावाच लागतो, नाहीतर मागच्या हवेला यायला जागा कुठून होणार? जर्मनीच्या आल्बर्ट बेट्झ यांनी १९१९ मध्ये हा हिशेब मांडला. कितीही उत्तम चक्की असो, वाऱ्यातल्या ताकदीचा ५९.३ टक्क्यांच्या वर वाटा तिला मिळू शकत नाही. घरगुती छोट्या चक्क्या प्रत्यक्षात पाव हिश्शाच्या आसपासच घुटमळतात.

एक किलोवॅटची चक्की म्हणजे तासाला एक युनिट, बरोबर ना?

नाही. सगळ्यात जास्त फसगत इथंच होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

चक्कीच्या प्लेटवरचा आकडा एका ठरावीक वेगाला दिलेला असतो. तो वेग बहुधा सेकंदाला ११ किंवा १२ मीटर, म्हणजे ताशी चाळीस-त्रेचाळीस किलोमीटर असतो. मोटरसायकलवर बसून तेवढ्या वेगाने जा आणि हात बाहेर काढा, म्हणजे तो वारा काय असतो ते कळेल. असं वारं आपल्याकडे वावधनात येतं आणि सोबत टिनं घेऊन जातं.

आता एक किलोवॅटची म्हणून विकल्या जाणाऱ्या चक्कीची दोन मीटर व्यासाची पाती धरा. पाव हिस्सा ताकद पकडली असं मानलं तर १२ मीटरच्या वाऱ्यात ती साधारण ७५० वॅट देईल. ६ मीटरच्या वाऱ्यात नव्वदेक वॅट. आणि ३ मीटरच्या वाऱ्यात, म्हणजे झाडाची पानं सळसळतात तेवढ्या वाऱ्यात, सुमारे १२ वॅट. बारा वॅट म्हणजे नऊ वॅटचा एक एलईडी बल्ब, आणि वर चिल्लर. त्यात बहुतेक चक्क्या अडीच-तीन मीटर वेगाच्या खाली फिरतच नाहीत, आणि फिरल्या तरी बॅटरीत जाण्याइतका दाब तयार होत नाही. फिरणारी पाती म्हणजे बनणारी वीज नव्हे, हे व्हिडिओ पाहताना ध्यानात ठेवा.

वारा कधी कमी कधी जास्त असतो, म्हणून झुळकांचाही हिशेब धरला पाहिजे. तो धरूनसुद्धा, वर्षाची सरासरी ३ मीटर असलेल्या ठिकाणी ही चक्की दिवसाला अर्ध्या युनिटच्या आसपास देईल. एक किलोवॅटचं सोलर आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिट देतं. नाव दोघांचंही एक किलोवॅट!

विकणाऱ्याने सरकारी नकाशा दाखवला. आमच्या तालुक्यात वारं सेकंदाला सहा मीटर आहे म्हणे.

किती उंचीवरचं, ते विचारा. चेन्नईची राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था वाऱ्याचे नकाशे काढते, ते ५०, ८०, १००, १२०, १५० मीटर अशा उंचीचे असतात, कारण मोठ्या चक्क्यांचे मनोरे तेवढे उंच असतात. तुमची गच्ची बारा-पंधरा फुटांवर. जमिनीला, झाडांना, घरांना घासून वारा मंदावतो. १०० मीटरवर ६ असलेला वेग झाडाझुडपांच्या गावात १० मीटरवर साडेतीनच्या जवळ येतो, आणि ताकद पाचव्या हिश्शाच्याही खाली जाते. नकाशा खोटा नसतो. तो तुमच्या गच्चीचा नसतो, एवढंच.

ग्लोबल विंड अॅटलास नावाची फुकट वेबसाइट आहे. तिच्यावर १० मीटरचाही थर बघता येतो. आपल्या गावावर बोट ठेवा, १० मीटर निवडा. बहुतेकांचं समाधान, किंवा निराशा, तिथंच होते.

वारं मोजायचं कसं? यंत्र नसलं तर?

हातात धरायचं वेगमापक दोन-तीन हजारांत मिळतं. दीड लाखाची चक्की घेणाऱ्याला ते महाग पडू नये. गच्चीवर एक खांब उभा करा, सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्री झोपण्याआधी आकडा वहीत लिहा. एक महिना पुरत नाही, वर्ष लागतं. आपल्याकडे मे ते जुलै वारं असतं. नोव्हेंबर-डिसेंबरात ते असं बसतं की चुलीचा धूर गावावरच तरंगत राहतो. मे महिन्यात मोजून चक्की घेणं म्हणजे पोळ्याच्या दिवशी बैल पाहून किंमत ठरवण्यासारखं आहे.

यंत्र नको असेल तर झाडं आहेत, फक्त पिंपळाची साक्ष काढू नका. पिंपळाचं पान बिनवाऱ्याचंही हलतं. कडुनिंबाची पानं नुसती सळसळली तर वेग दोन-तीन मीटर. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत राहिल्या, देवळावरचा झेंडा फडफडत आडवा राहिला, तर साडेतीन ते साडेपाच. रस्त्यावरची धूळ आणि कागद उडायला लागले, छोट्या फांद्या हलल्या, तर साडेपाचच्या वर. झेंडा दिवसातून किती तास आडवा राहतो ते मोजा. ते तास म्हणजे तुमच्या चक्कीची खरी हजेरी.

पण गच्ची तर उंच असते. जमिनीपेक्षा तिथं बरंच असेल ना?

वाटतं तसं, पण छत ही चक्कीसाठी बहुतेक वेळा सगळ्यात वाईट जागा असते. नदीतल्या दगडाला पाणी आदळलं की दगडाच्या वर आणि मागे भोवरे होतात, तसं घराला आदळलेल्या वाऱ्याचं होतं. वारा भिंतीवरून वर चढतो, कठड्याच्या कडेला फुटतो आणि छतावर गुंडाळी होऊन फिरतो. हातावर जोर जाणवतो, पण दिशा क्षणाक्षणाला बदलते. चक्की बिचारी तोंड फिरवण्यातच दमते, आणि पात्यांच्या मुळाशी उलटसुलट ताण बसून ती लवकर मोडते.

जाणकारांचा जुना अंदाज असा, की दीडशे मीटरच्या परिसरात जे काही सगळ्यात उंच असेल, त्याच्याही वर पात्याचं खालचं टोक किमान ९ मीटर हवं. गावात चाळीस फुटांचा कडुनिंब किंवा चिंच असतेच. त्याच्यावर तीस फूट, म्हणजे सत्तर फुटांचा मनोरा. तो गच्चीवर उभा राहत नाही.

आपल्या जुन्या माणसांना हे पुस्तकाविना ठाऊक होतं. धान्याची उफणणी करायची तर ती जमिनीवर उभी राहत नसत, तिव्यावर, म्हणजे तीन पायांच्या उंच घडवंचीवर, चढत आणि सूप डोक्यावर धरत. खळं घराच्या आडोशाला कधी घातलं नाही, गावाबाहेर उघड्यावरच घातलं. आणि वारं पडलं की सूप खाली ठेवून बाभळीच्या सावलीत तंबाखू मळत बसायचं. काम वाऱ्याच्या वेळेला बांधलेलं होतं. आता आपण वाऱ्याने टीव्हीच्या वेळेला यावं म्हणतो.

उभ्या दांड्याभोवती फिरणारी चक्की कुठूनही आलेल्या वाऱ्यावर चालते, ती गच्चीला चांगली असं ऐकलं.

अर्धं खरं आहे. उभ्या आसाच्या चक्कीला तोंड फिरवावं लागत नाही, हे बरोबर. तिचे दोन जुने प्रकार आहेत. पिंप उभं चिरून दोन अर्धी तिरपी लावल्यासारखी दिसते ती सॅव्होनियस, आणि वाकवलेल्या बारीक पात्यांची ती डॅरियस. दोन्ही १९२०च्या दशकातल्या कल्पना आहेत, कालपरवाचा शोध नव्हे. सॅव्होनियस मंद वाऱ्यात फिरते खरी, पण वीज कमी देते, कारण तिचं अर्धं अंग नेहमी वाऱ्याच्या विरुद्ध जात असतं. डॅरियस बरी देते, पण मंद वाऱ्यात तिला स्वतःहून सुरू व्हायलाच त्रास होतो. आणि वाऱ्यातच ताकद नसेल तर चक्कीचा आकार बदलून ती कुठून आणणार?

जिनिंगच्या शेडवर चकाकणारे गोळे फिरत असतात. ते वीजच बनवतात ना?

नाही. ते हवा बाहेर काढायचे पंखे आहेत. शेडमधली गरम हवा वर चढते, थोडं वारंही लागतं आणि गोळा फिरतो. त्यात जनरेटर नसतो. हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो. एकाने तर त्यातून वायर काढायचं एस्टिमेटच मागितलं होतं.

टिनाच्या घरात उन्हाळ्यात जीव नकोसा होत असेल तर मात्र हा गोळा घ्यायला हरकत नाही. वाऱ्याचा छतावरचा सगळ्यात स्वस्त उपयोग तोच आहे, आणि विजेच्या चक्कीपेक्षा तुमचं सुख जास्त वाढवेल.

विदेशात तर मोठमोठ्या इमारतींवर चक्क्या आहेत.

आहेत. बहरीनमध्ये २००८ साली दोन मनोऱ्यांच्या मधे २९ मीटर व्यासाच्या तीन चक्क्या बसवल्या. पण तिथं समोर समुद्र आहे, आणि वारा मधोमध ओढला जावा म्हणून इमारतींचा आकारच शिडासारखा ठेवला आहे. लंडनमध्ये २०१० साली एका उंच इमारतीच्या डोक्यावर तीन चक्क्या बसवल्या, त्या लोकांना बहुतेक वेळ थांबलेल्याच दिसल्या.

आपल्या कामाचा दाखला वेगळा आहे. इंग्लंडमध्ये २००७ ते २००९ या काळात घरांवर आणि इमारतींवर २६ छोट्या चक्क्या बसवून त्यांचं मोजमाप केलं गेलं. बंद ठेवलेले दिवस धरून एका चक्कीमागे दिवसाला सरासरी २१४ वॅट-तास निघाले, म्हणजे पाव युनिटही नाही. आणि हा आपल्यापेक्षा कितीतरी वाऱ्याचा देश.

स्लॅबला काही होईल का? आणि आमचं घर टिनाचं असलं तर?

टिनाच्या किंवा कवेलूच्या (कौलांच्या) घरावर बसवूच नका. यावर चर्चा नको.

स्लॅबवर बसवायची तर खांबाची बैठक कॉलमच्या डोक्यावर यावी, नुसत्या स्लॅबच्या मधोमध नको. प्रश्न चक्कीच्या वजनाचा नसतो. पाचजण गच्चीवर पापड वाळवत बसले तर तेवढं वजन होतं. प्रश्न ओढीचा असतो. ताशी शंभर किलोमीटरच्या वावधनात दोन मीटरची चक्की फिरत राहिली तर तिच्यावर सव्वाशे किलोच्या आसपास आडवी ओढ बसते, आणि दहा फुटी खांबाच्या टोकाला बसलेली ती ओढ बुडाशी पहारीसारखी काम करते. बोल्ट उपटले नाहीत तर स्लॅबला चीर जाते, आणि पावसाळ्यात ती चीर ठिबकायला लागते. इमारतींच्या भारतीय मानकात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर धरलेला आहे. तुमच्या फॅब्रिकेटरला विचारा, खांब कितीला धरून बनवला. बहुतेकदा उत्तर येतं, "मजबूत आहे जी."

वादळ आलं तर बंद कशी करायची?

चांगल्या चक्कीला तीन बंदोबस्त असतात. जोर वाढला की शेपूट दुमडून पात्यांचं तोंड वाऱ्यापासून बाजूला वळतं, हा एक. बॅटरी भरली की जास्तीची वीज एका हीटरमध्ये जाळली जाते, हा दुसरा. आणि तिसरा म्हणजे ब्रेकचा स्विच. चक्कीच्या जनरेटरच्या तिन्ही वायरी एकमेकींना जोडल्या की चुंबक स्वतःलाच धरून ठेवतो आणि पाती मंदावतात. हा स्विच आभाळ भरून यायच्या आत टाकायचा. पाती सुसाट असताना टाकला तर वाइंडिंग जळतं. असल्या मोटारी माझ्याकडे आल्या आहेत, तांबं काळं पडलेल्या.

आणि काहीही झालं तरी चक्की रिकामी फिरू देऊ नका. बॅटरीची वायर काढून ठेवली की ती मोकाट सुटते. बिना ब्रेकची बैलगाडी उताराला लागावी, तसं.

आकाशातल्या विजेचं म्हणाल तर मृगाच्या आगेमागे आपल्या भागात वीज पडून दरवर्षी माणसं आणि जनावरं जातात. गच्चीवरचा लोखंडी खांब हा गल्लीतला सगळ्यात उंच लोखंडी तुकडा होणार. स्वतंत्र अर्थिंग, तांब्याची किंवा जीआयची जाड पट्टी आणि सर्ज अरेस्टर (विजेचा अचानक आलेला झटका अडवणारं उपकरण) लागतोच. घराच्या वायरिंगच्या अर्थिंगला खांब जोडून मोकळं होऊ नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचं, वीज पडण्याचा इशारा देणारं दामिनी अॅप मोबाइलमध्ये ठेवा. ते चक्की नसली तरी ठेवा.

तुम्ही स्वतः बसवली होती, तिचं काय झालं?

पाच-सहा वर्षांपूर्वी बाहेरगावच्या एका विक्रेत्याकडून मागवली. पाच पात्यांची, प्लेटवर ६०० वॅट लिहिलेली. दहा फुटी पाइप, कॉलमवर बेसप्लेट, सगळं शास्त्रशुद्ध केलं. पहिल्या रात्री पाती फिरली तेव्हा मी गच्चीवरच झोपलो, पाहत.

आठवड्याभरात घरातून तक्रार आली. खालच्या खोलीत घरघर येते, कुणी जातं दळतंय असं वाटतं. खरंच होतं ते. खांबाची थरथर स्लॅबमध्ये उतरते आणि स्लॅब ढोलकीच्या पानासारखी बोलते. रबराचे पॅड घातले, आवाज थोडा कमी झाला. मग वानरं आली. वानराला उंच जागा आवडते, आणि शेपटीची पत्र्याची फळी त्यांनी बसायचीच वस्तू मानली. एका सकाळी ती वाकलेली दिसली. त्यानंतर चक्की वाऱ्याकडे तिरपं तोंड करून उभी राहायची, रुसलेल्या माणसासारखी. शेपूट सरळ करून दिली, पुन्हा वाकली.

हिवाळ्यात रात्रीमागून रात्री काटा शून्यावर. चार्ज कंट्रोलरचा हिरवा दिवा जळायला जेवढी वीज लागे, तीही सोलरच्या बॅटरीतून जायची. म्हणजे चक्की देत नव्हती, घेत होती.

मे महिन्यात, नवतपा (उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस) लागायच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी वावधन आलं. मी दुकानात होतो, ब्रेकचा स्विच घरी. एक पातं तुटून शेजाऱ्यांच्या टिनावर आडवं पडलं. त्यांची म्हातारी ओसरीत पोहे निवडत होती. तिला काही झालं नाही, पण तो आवाज माझ्या बायकोने ऐकला. टिन बदलून दिलं, विक्रेत्याला फोन लावला, त्याने उचलला नाही. दुसऱ्या दिवशी चक्की उतरवली.

पैसे किती वर्षांत वसूल होतात?

समजा खांब, बॅटरी, कंट्रोलर धरून तुम्हाला दीड लाख सांगितले. दिवसाला अर्धं युनिट धरलं तर वर्षाला सुमारे १८० युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर अठराशे रुपये. दीड लाखाला भागा. त्र्याऐंशी वर्षं! त्यात दर चार-पाच वर्षांनी बॅटरी, बेअरिंग आणि पाती वेगळी.

बॅटरीबद्दल एक जास्तीचं. शिशाच्या बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना निम्म्यावर येतं असं धरतात. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीत पारा ४५ पार करतो. बॅटरी जिन्याखाली, सावलीत, हवेशीर ठेवा. टिनाखाली ठेवलेली बॅटरी मी दोन वर्षांत मेलेली पाहिली आहे.

सबसिडी मिळते का? नेट मीटर?

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना सोलरसाठी आहे. दोन किलोवॅटला ६० हजार, तीन किंवा जास्त किलोवॅटला ७८ हजार. छतावरच्या चक्कीला त्यातून पैसे मिळत नाहीत. "सूर्यघरमध्ये चक्कीही बसते" असं कुणी सांगितलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

नेट मीटरचं, म्हणजे जास्तीची वीज लाईनला देऊन बिलातून वजा करण्याचं, जरा वेगळं आहे. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचे २०१९ चे नियम छतावरच्या नवीकरणीय ऊर्जेचे आहेत, एकट्या सोलरचे नाहीत. म्हणजे कागदावर दार उघडं आहे. पण ग्रीडला जोडायला प्रमाणित इन्व्हर्टर लागतो, आणि अर्ध्या युनिटसाठी एवढी धावपळ कोण करणार? विचारायचंच असेल तर महाऊर्जाच्या (राज्याच्या अपारंपरिक ऊर्जा संस्थेच्या) नागपूर किंवा अमरावती कार्यालयात आणि महावितरणच्या उपविभागात विचारा, विक्रेत्याला नको.

ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला मात्र घ्या, आणि शेजाऱ्याची संमतीही. खांब आडवा पडला तर तो तुमच्याच हद्दीत पडला पाहिजे, आणि लाईनच्या तारांपासून लांब.

पावसाळ्यात सोलर झोपतं, तेव्हाच वारं असतं. दोन्ही जोडलं तर?

हा मात्र खरा मुद्दा आहे, आणि चक्कीच्या बाजूने तोच सगळ्यात मोठा. जून ते ऑगस्ट आपल्याकडे आभाळ भरलेलं असतं, झडीच्या दिवसांत सोलर तिसऱ्या हिश्शावर येतं, आणि तेव्हाच वारं चांगलं असतं. रात्रीही असतं. म्हणून दूरच्या ठिकाणी, जिथं लाईन पोहोचतच नाही, तिथं सोलर आणि चक्की जोडून बसवण्यात अर्थ आहे.

पण घरी लाईन असेल तर आधी हिशेब करा. चक्कीच्या पैशांत सोलरची आणखी पॅनल येतात. झडीत सोलर तिसऱ्या हिश्शावर आलं तरी एक किलोवॅट सव्वा युनिट देतं. ते माझ्या चक्कीच्या चांगल्या दिवसापेक्षा जास्त होतं.

मग ही कुणी बसवावी? कुणीच नाही?

तसं नाही. मेळघाटात, चिखलदऱ्याच्या पठारावर उंची हजार मीटरच्या वर आहे. तिथं मोठ्या पवनचक्क्याही उभ्या आहेत. अशा कड्यावर घर, आश्रमशाळा किंवा चौकी असेल आणि लाईनचा भरवसा नसेल, तर मोजून पाहण्यासारखं आहे. उघड्या टेकडीवरचं देऊळ, ज्याच्या आसपास झाड नाही, तिथंही. मोठ्या धरणाच्या काठी, जिकडून वारं येतं त्या बाजूला नुसतं पाणी असेल तर पाण्यावरून वारा अडथळ्याविना येतो, तीही जागा विचारात घ्या. या सगळ्या ठिकाणी चक्की छतावर नको. बाजूला, तारांनी ताणलेल्या स्वतंत्र मनोऱ्यावर, आणि मनोरा बुडाशी बिजागरी असलेला घ्या, म्हणजे दुरुस्तीला खाली पाडता येतो. सत्तर फूट वर चढून बेअरिंग बदलणारा माणूस तुमच्या तालुक्यात मिळणार नाही. मीही येणार नाही.

शेतात जागलीला मचाणावर छोटी चक्की लावून झटका मशीन चालवलं तर?

चालेल, पण कशाला? झटका मशीनला, म्हणजे जनावरं अडवायला कुंपणात विजेचा झटका सोडणाऱ्या यंत्राला, काही वॅटच लागतात. चाळीस वॅटचं पॅनल आणि एक बॅटरी पुरते. रानडुकरं वाऱ्याची वाट पाहत नाहीत.

विहिरीचं पाणी ओढायची पवनचक्की असायची, ती?

असायची. १९८०च्या सुमारास देशात बारा पात्यांच्या, पाच मीटर व्यासाच्या चक्क्या उथळ विहिरींसाठी बसवल्या गेल्या. मंद वाऱ्यावर हळूहळू दांडा वरखाली करणं हे काम चक्कीला जमतं, कारण पाणी टाकीत साठतं आणि रात्री आलं काय, दुपारी आलं काय, सारखंच. आता आपल्याकडे पाणी खाली गेलं आहे, बोअर दोनशे-तीनशे फुटांच्या झाल्या आहेत. तेवढ्या खोलीवरून ओढायला ती चक्की दमते. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के आहे. तिकडे अर्ज करा.

पोराला शाळेच्या प्रकल्पासाठी बनवायची आहे.

जरूर बनवू द्या, आणि या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला सगळ्यात जास्त आवडतं. गाडीचा अल्टरनेटर घेऊ नका. त्याला मिनिटाला हजाराच्या वर फेरे लागतात, वाऱ्याची पाती तेवढे देत नाहीत. चुंबकाची डीसी मोटार घ्या. जुन्या प्रिंटरची किंवा ट्रेडमिलची चालते. पाती पीव्हीसी पाइप उभा चिरून करा. सहा इंची पाइपातून तीन पाती निघतात, आणि त्यांचा बाक पाइपाच्या गोलाईतूनच मिळतो. तिन्हींचं वजन तराजूवर सारखं करा, नाहीतर थरथरेल. व्यास दोन फुटांच्या वर नेऊ नका, आणि फिरत्या पात्यांजवळ चेहरा नेऊ नका.

पोराला वहीत वेग आणि वॅट (व्होल्ट गुणिले अँपिअर) शेजारी शेजारी लिहायला सांगा. महिनाभराच्या आकड्यांतून वेग दुप्पट तर ताकद आठपट, हा घनाचा नियम त्याला स्वतःच दिसेल. इन्स्पायर अवॉर्ड मानक या केंद्राच्या विद्यार्थ्यांसाठीच्या विज्ञान योजनेत निवड झाली तर प्रकल्पासाठी दहा हजार रुपये मिळतात. शाळेमार्फत नाव पाठवावं लागतं, गुरुजींना आठवण करून द्या.

जुनी, पडून असलेली चक्की विकत घेता का?

घेतो, पण प्लेटवरच्या वॅटवर भाव करत नाही. आतले चुंबक चांगले असले आणि वाइंडिंग जळालेलं नसलं तर भाव बरा मिळेल. पाती नकोत, ती तुमच्याकडेच ठेवा. खांब सरळ असेल तर तोही घेतो. माझ्या चक्कीचा खांब मी शेतात नेऊन गाडला आहे, त्याच्यावर झटका मशीनचं पॅनल बसवलं आहे. वानरं तिथंही येतात.